खमीर कुणाच्या घरचं

कमलनगर
३ एप्रिल २०२५

अंबिका,

तुझी चिठ्ठी उमादेवीने बेकरीतून घरी जाताना माझ्या आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही म्हणून चिठ्ठी संध्याकाळपर्यंत देवळीत पडून राहिली. नाहीतर आईने ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचली असती, आणि दोन वर्षं आमच्या दारावरून मान फिरवून जाणारी बाई आता वाटीभर खमीर मागते आहे, हे सगळ्या गल्लीला कळलं असतं.

"अक्का, पाव उठेना. सोडा घालून बघितला तरी बसायलाय. तुझ्याकडचं खमीर वाटीभर उमादेवीकडं दे. कुणाला सांगू नको."

बस्स. कशी आहेस नाही, चुकलं नाही. कुणाला सांगू नको, एवढं मात्र आहे.

उत्तर कागदावर देते, कारण फोनचा अनुभव घेऊन झाला. मागच्या दिवाळीत मी फोन केला तेव्हा तू नवऱ्याशेजारी बसून "राँग नंबर हाय" म्हणालीस. मागून शिवराज "कोण हाय?" म्हणून विचारत होता, तेही ऐकू आलं.

खमीर मिळणार नाही.

सोड्याचं मात्र सांगते. मी विज्ञान शिकवते, आणि चुकीचं सोडवलेलं गणित समोर आलं की लाल पेन आपोआप हातात येतं. उमादेवी म्हणाली, तुम्ही मैद्यात सोडा मळला आणि रात्रभर ओलं फडकं घालून झाकून ठेवलं. अगं, सोडा म्हणजे यीस्ट आहे का? तो निर्जीव क्षार आहे. आंबट आणि ओलं भेटलं की त्याच क्षणी फसफसतो, असेल नसेल तेवढा वायू सोडतो आणि संपतो. भज्याच्या पिठात चालतो, कारण पीठ कालवलं की लगेच तेलात पडतं. तुम्ही रात्रभर ठेवलंत. पहाटेपर्यंत तो वायू भालकीच्या पुढे गेला असेल. मग सकाळी गोळा बसलेला बघून आणखी दोन चमचे घातलेत. आंबट संपल्यावर सोड्याने कुणाशी झटापट करायची? तो तसाच उरला. पिवळा रंग आणि साबणाची चव तिथून आली.

बेकिंग पावडरीनेही भागणार नाही. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र असतं, थोडा वायू ओलं केल्यावर सुटतो, बाकीचा भट्टीच्या आचेवर. केकला ते पुरतं. पावाच्या कणकेला लोच असतो, फुग्याच्या रबरासारखा, आणि तो तासन्‌तास हळूहळू ताणावा लागतो. एकदम फुंकलं की हवा निघून जाते. इतकी सबुरी फक्त जिवंत वस्तूत असते. यीस्ट पिठातली साखर खातं, वायू सोडतं, पुन्हा खातं. घाई करत नाही.

पण तुमच्याकडे दोन वर्षं पुडीचं यीस्ट आहे. उदगीरहून येतं, जीपच्या टपावर तापून मेलं असेल तर दुसरं मागवता येतं. मग खमीर कशाला हवं आहे? ते तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे त्यात लिहिण्यासारखं काही नसणार.

जून २०२३ मध्ये मी आपल्या बचत गटाच्या बेकरीत आले तेव्हा आपली बरणी गटारापाशी उपडी पडली होती. ओटा ओला होता आणि गोमूत्राचा वास येत होता. तू भट्टीकडे तोंड करून उभी होतीस. त्या बरणीत जे होतं, त्यातलंच माझ्या घरी राहिलेलं आज तू मागते आहेस. तेव्हा किळस आली होती. ती आता कुठे गेली?

प्रेरणा


९ एप्रिल

अंबिका,

काल दिवे लागल्यावर उमादेवी पदराखाली स्टीलचा डबा घेऊन आली. माझी वेळ टाळून आली होती, पण मी घरातच होते, आतल्या खोलीत. दारातलं सगळं बोलणं ऐकलं.

"कामून आलीस गं दिवा लागल्यावर?" आईने विचारलं.

"अंबिकाक्कानं जरा खमीर मागितलंय, मावशी."

"दिवा लागल्यावर इरजन देत न्हाईत. तुमच्यात देतेत का?"

"न्हाई."

"मग आमच्यात कसं देतील? सकाळच्याला ये. उजेडात."

"उजेडात येता आलं असतं तर आता कशाला आले असते, मावशी?"

आई हसली. "मग तुज्या अध्यक्षीणबाईला सांग, आमच्या खमिराला अंधारात दिसत न्हाई."

डबा रिकामा परत गेला. पण मी बाहेर आले तेव्हा उमादेवीने जाता जाता दोन वस्तू माझ्यासमोर ठेवल्या, बहुतेक तिलाही त्या पोटात ठेवणं जड जात असेल. एक तुमचा नवा पाव. दुसरं एक चकचकीत पाकीट.

पाव मी खाल्ला. खाल्ला म्हणणं बरोबर नाही, एक घास तोंडात धरला. पुडीचं यीस्ट, त्यात दही, दह्यावर लिंबूफूल, आणि आंबट फार झालं म्हणून सोडा. अंबिका, तू खमिराची नक्कल करायला बसली आहेस. दह्याने पीठ उठत नाही, दही फक्त आम्ल पुरवतं. लिंबूफूलही तेच करतं. मग दोघांना मारायला तू सोडा घातलास आणि वर यीस्टला त्याच भांड्यात राहायला सांगितलंस. तो घास जिभेवर आंबट, टाळूला साबण आणि घशात खारट लागला. मी मोरीत थुंकले आणि तीनदा चूळ भरली. तसं काही लोकांच्या पोटात जाणार आहे, हा विचार गेला नाही.

आणि पाकीट! डोक्यावर पदर घेतलेल्या तुझ्या सासूबाईंचा फोटो. खाली छापलेलं: "नागूबाईच्या घरचं शंभर वर्षांचं खमीर."

ते वाचून जे झालं त्यापुढे पावाची चव काहीच नव्हती.

मग उमादेवीने सगळं सांगितलं. बिदरच्या हॉटेलवाल्या संगमेशने २०२२ च्या प्रदर्शनात आपला पाव खाल्ला होता. आता तो शोधत आला आहे. रोज चारशे पाव घेणार. दोन मेला बघायला येणार, आणि त्याला नुसता पाव नको, बरणी बघायची आहे, खमीर बुडबुडताना बघायचं आहे. वसतिगृहाची बनची ऑर्डर मार्चमध्ये बंद पडली. ही मिळाली नाही तर भट्टी विझेल आणि अकरा जणी घरी बसतील.

शंभर वर्षं! एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कमलनगरच्या एकाही दुकानात यीस्ट नव्हतं, तेव्हा आपण दोघींनी काय काय केलं ते नागूबाईंनी बघितलं होतं का? पोटात जळजळलं की लोक पितात ती पुडी घालून बघितली. पाव कढईत फुगला आणि ताटात येईतो बसला. औरादकडून शिंदी मागवली, तुझ्या भावाने बाटली पिशवीत लपवून आणली. शिंदीत यीस्ट आयतंच असतं. पाव उठला, पण आख्ख्या घराला गुत्त्याचा वास सुटला आणि तू हसून हसून खाली बसलीस. शेवटी माझी आई म्हणाली, "माज्या आंबिलीच्या मडक्यातलं घ्या की. ते तर रोजच फसफसतंय." आईने ज्वारीचं पीठ पाण्यात आंबवलं होतं. त्यातलं वाटीभर घेऊन मी गव्हाचं पीठ कालवलं. तिसऱ्या दिवशी त्याला डोळे फुटले.

त्याचं वय पाच वर्षं आहे. ते शोभाबाईच्या आंबिलीतून आलं. तू समोर होतीस.

प्रेरणा


१५ एप्रिल

अंबिका,

काल औरादला जयंतीचं भाषण होतं. तुला माहीत आहे मी कशी बोलते. पाऊण तास बोलले. म्हणाले, आपलं नाव दुसऱ्याने पुसलं तर तो अन्याय, पण आपणच आपल्या हाताने पुसलं तर त्याला काय म्हणायचं? टाळ्या थांबेनात. एका म्हातारबाबांनी स्टेजवर येऊन पाया पडायचा प्रयत्न केला.

घरी आले तर तुझं उत्तर आलं होतं.

"अक्का, तू स्टेजवर बोलतीस ते मला पाठ हाय. पण गुरुशांतप्पाला खमीर अंबिकाच्या सासूच्या घरचं, असं पहिल्यांदा कोण बोललं? मी का तू?"

रात्रभर मी या प्रश्नाला उत्तर शोधलं. पुस्तकात वाचलेले सगळे युक्तिवाद काढून बघितले. एकही टिकला नाही.

मी बोलले. फेब्रुवारी २०२१. बेकरीसाठी शेड भाड्याने मिळत नव्हती. शेडचे मालक गुरुशांतप्पा पायरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पाण्याबिन्याचं सगळं बघून करता न्हवं, बाई?" तू काही बोलायच्या आत मी म्हणाले, "खमीर नागूबाईंच्या घरचं आहे, अप्पा." त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांनी खमिराचं विचारलंही नव्हतं! मी आपणहून सांगितलं. घरी येऊन आईला म्हणाले, शेड मिळाली. आई म्हणाली, "काय इचारलं त्यानं?" मी म्हणाले, "काही नाही."

मग दोन वर्षं मी रोज सकाळी त्या बरणीत पीठ घातलं आणि दर वर्षी चौदा एप्रिलला स्टेजवर चढले. काल त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मान खाली घालून खुर्चीत बसले. आयोजकांना वाटलं उन्हाचं झालं, त्यांनी लिंबू सरबत दिलं.

म्हणजे खोट्याचं विरजण मी लावलं. तू त्याचं पाकीट छापलंस.

पण यावरून तू सुटलीस असं समजू नको. जून २०२३ मध्ये गुरुशांतप्पांना खरं कळलं तेव्हा तुला दोन वाटा होत्या. तू बरणी गटारात ओतलीस आणि ओटा धुतलास. माझ्या खोटेपणाने तुझं गोमूत्र धुतलं जात नाही. आपण दोघीही बरबटलेल्या आहोत, एवढंच.

प्रेरणा


२२ एप्रिल

अंबिका,

पेपर तपासायला मी चार दिवस बिदरला होते. परत आले तर बरणी अर्धी.

आईने जेवताना सहज सांगितलं. "अंबिका आली हुती. दिवसा आली, पुढच्या दारानं आली. अकरा वाजले हुते. मी दिलं."

"मला विचारलं नाहीस?"

"तुला कामून इचारू? आंबील माजी हुती."

आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाली, "च्या बी दिला. अर्धा प्याली. अर्धा ठिवला." मी म्हणाले, बघ, अर्धा ठेवला. आई म्हणाली, "अगं गरम हुता. तू सगळ्यातच जात हुडकतीस." मला अजून कळलेलं नाही की चहा गरम होता की तू तशीच आहेस. आईला कळलं असेल. तिने मला सांगितलं नाही.

आता नेलंच आहेस तर ऐक. विसरली असशील.

ती पुडी नाही, की पाण्यात टाकली आणि झालं. त्यात यीस्ट आहे आणि सोबत दह्यातल्यासारखे आंबट जंतू आहेत. यीस्ट पीठ उठवतं. आंबट जंतू पहारा देतात, नासवणाऱ्या जंतूंना आत येऊ देत नाहीत. म्हणून खमीर आंबट असतं आणि म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याचा आंबटपणा हा दोष नाही, तटबंदी आहे. तो कमी करायला जाऊ नको. रोज दुपारी निम्मं काढायचं, तेवढंच पीठ आणि पाणी घालायचं. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं. बरणी भट्टीच्या अंगाला ठेवायची नाही, एप्रिल आहे. त्यातलं चमचाभर पाण्यात टाकून बघ. तरंगलं तर कणीक मळ, बुडलं तर थांब.

आणि दोन तारखेला संगमेश विचारेल, कुणाच्या घरचं? तेव्हा खरं नाव सांगायचं. आईने अट घातली नाही. मी घालते आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे हे विसरू नको.

प्रेरणा


२८ एप्रिल

अंबिका,

उमादेवी सकाळीच रडत आली. आधी मला वाटलं कुणी गेलं. मग तिने बरणीचं झाकण उघडलं आणि आई पदर नाकाला लावून अंगणात पळाली.

पिठाच्या डब्यामागे उंदीर मरून आठवडा झाला की जो वास येतो, तो. वर करडी साय, खाली पाणी, बुडबुडा एकही नाही. पाच वर्षं आंबट, गोड, ताज्या ताकासारखा वास येणारी वस्तू तुम्ही दोन दिवसांत सडवून दाखवलीत.

झालं ते उमादेवीने सांगितलं. शनिवारी नागूबाई बेकरीत आल्या. बरणी कुठून आली ते त्यांना कळलं होतंच. म्हणाल्या, "आता आणलंच हाय तर जरा विभूत टाकते, शुद्ध व्हईल." आणि मूठभर विभूती त्यात टाकली. खमीर उसळून बरणीबाहेर आलं. नागूबाई ओरडल्या, "बघा, देव पावला! कसं वर यायलंय बघा!" गटातल्या गुरुबाईने बरणीला हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला.

नारळ!

आता पुन्हा विज्ञान. विभूती मग मठातली गोवरीची राख असो की दुकानातली खडूची वडी, ती आम्लाशी भांडते, सोड्यासारखीच. खमिरात पाच वर्षांचं आम्ल होतं. ते सगळं एका मिनिटात राखेशी झटलं, वायू झाला आणि फेस वर आला. ज्याला तुम्ही उठणं समजलात, ते ओकणं होतं. त्यानंतर आंबटपणा संपला, तटबंदी पडली. या उकाड्यात दारं उघडी पडल्यावर वाटेल ते आत शिरलं आणि कुजवत सुटलं. तुम्ही शुद्ध केलं म्हणूनच ते नासलं. मी वर्गात एवढं चपखल उदाहरण कधी देऊ शकले नसते.

नागूबाईंवर मी रागावलेली नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी केलं. विभूतीवरही माझा राग नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणात आठशे वर्षांपूर्वी जातीच्या भिंती पाडायला निघालेल्या माणसांनी ती कपाळाला लावली होती. परवा त्यांच्याच जयंतीची मिरवणूक निघेल, तू डोक्यावर कलश घेऊन पुढे चालशील. त्या माणसांची विभूती तुमच्या घरात येऊन माझ्या आईच्या हातचं पुसायच्या कामाला लागली, याची मला शिसारी येते. आणि तू तिथे उभी होतीस. तुला आम्ल माहीत होतं, क्षार माहीत होता. तीन वर्षं तू माझ्यासोबत ते खमीर वाढवलंस. "आत्या, नका टाकू, मरंल ते," एवढी पाच शब्दांची गोष्ट तुझ्या तोंडातून निघाली नाही.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः उरलेलं खमीर घेऊन येते आहे. पुढच्या दाराने. कणीक मी मळणार, आणि शुक्रवारी संगमेश येईल तेव्हा मी तिथे असणार. अकरा जणींची भट्टी तुझ्या गप्प बसण्याने विझू नये म्हणून येते. तुझ्यासाठी येत नाही.

प्रेरणा


३ मे

अंबिका,

काल तू अर्धी गोष्ट बघितलीस. उरलेली लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तुला वेगळी सांगायला नको.

पाव चांगले उठले होते. संगमेशने एक फोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले. म्हणाला, "व्हय, हेच." बरणीवर वाकून बुडबुडे बघितले, मोबाइलवर काढून घेतले. मग खिशातून पावाचं छापील पाकीट काढलं आणि कोपऱ्यात बसलेल्या नागूबाईंना अदबीनं विचारलं, "आज्जी, तुमच्या घरचंच ना हे?"

तू म्हणालीस, "भट्टी बघून येते."

आणि गेलीस! मी दोन दिवस भाषण घोकलं होतं. पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण मी तुझ्या पाठीकडे बघत होते, आणि तेवढ्यात नागूबाईच बोलल्या.

"कशाचं माज्या घरचं?"

"हे बघा की, तुमचा फोटो."

त्यांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. "हे माजं तोंड कामून छापलंय ह्याच्यावर? आं? काय लिवलंय?"

गुरुबाईने वाचून दाखवलं.

"त्यांच्या घरचं खमीर, आन् तोंड माजं?" नागूबाई उभ्याच राहिल्या. "मी त्याला हात बी लावला न्हाई. विभूत टाकली तर वरून टाकली. आन् आता बिदरभर माज्या नावानं खातेत? काढा माजा फोटू. आत्ताच्या आत्ता काढा!"

संगमेश गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. चार वर्षं जे खरं मी बोलू शकले नाही, तू बोलू शकली नाहीस, ते त्या बाईने एका दमात बोलून टाकलं. न्यायासाठी नाही. किळस आली म्हणून. माझ्या आईच्या वस्तूवर आपला चेहरा नको म्हणून. मी आयुष्यभर त्या किळसेविरुद्ध बोलत आले, आणि काल त्या खोलीत तीच एक प्रामाणिक होती.

मग मी बोलले. भाषण नाही केलं. म्हणाले, "खमीर माझ्या आईचं आहे. शोभाबाईचं. आम्ही बौद्ध आहोत. नागूबाईंचं आहे असं चार वर्षांपूर्वी मीच खोटं सांगितलं होतं, शेड मिळावी म्हणून." गुरुबाईने पदर सावरला आणि ती दाराकडे सरकली. संगमेश सुशिक्षित माणूस. तो म्हणाला, "मॅडम, मला कुणाचंही चालतंय. पण वाद नको. नाव काढूनच टाकू. नुसतं खमीर पाव छापतो."

म्हणजे नागूबाई असतील तर नाव, शंभर वर्षं, फोटो, सगळं. शोभाबाई निघाली की कोरं. चालतंय म्हणाला ना? असं चालतं.

मी बरणीला हात घातला. उचलून घरी आणायची होती. उमादेवी पाव मोजून ट्रेमध्ये लावत होती. तिच्या घरात ती एकटी कमावते, हे मला माहीत आहे. मी हात काढला. बरणी तिथेच आहे. पण मी संगमेशला सांगितलं की कोरं पाकीट चालणार नाही. तो म्हणाला, "तुमच्या अध्यक्षांनी गुरुवारपर्यंत मजकूर लिहून सही करून पाठवावा. ते जे लिहितील ते मी छापतो. न्हाई आलं तर मी दुसरीकडं बघतो."

तेव्हा तू भट्टीपाशी होतीस. भट्टीत एकही पाव नव्हता.

लिहिणं तुझ्याकडे आहे. माझ्या अक्षरात मागू नको, मिळणार नाही.

प्रेरणा


९ मे

अंबिका,

तू संगमेशला पाठवलेल्या कागदाची प्रत उमादेवीने आणून दिली. तुझंच अक्षर. "शोभाबाईच्या घरचं खमीर, कमलनगर." खाली सही. "शोभाबाईच्या" हा शब्द दोनदा गिरवला आहेस. पहिल्यांदा पेन चाललं नाही की हात चालला नाही, ते मी विचारत नाही.

गुरुबाई आणि आणखी दोघी गेल्या, हेही कळलं. जाताना गुरुबाई म्हणाली म्हणे, "पाव ईकायला चालतंय, पर नावासकट न्हाई." गुरुशांतप्पांनी किल्ली परत मागितलेली नाही, स्वतःच्या घरी येणारा पाव मात्र बंद केला. नागूबाई तुझ्याशी बोलत नाहीत आणि स्वतःची चूल वेगळी मांडून बसल्या आहेत. हे सगळं ऐकून मला तुझी कीव येईल असं उमादेवीला वाटलं असावं. आली नाही. दोन वर्षांपूर्वी एवढंच झालं असतं, आणि तेव्हा आपण दोघी असतो.

संगमेशने आईचा फोटो मागवला होता. आईने ठाम नाही म्हटलं. "पाव खाऊन झाला की लोकं पाकीट रस्त्यावर फेकतेत. माजं तोंड पायाखाली कामून घालू? नाव घाला. नाव तुडवलं तर दुखत न्हाई." मी म्हणाले, आई, नावच जास्त दुखतं. ती म्हणाली, "तुला दुखतंय. तू भाषणं करतीस."

चारशे पाव आठ जणींनी होत नाहीत. सोमवारी सकाळी मी येते, शाळा उघडेपर्यंत रोज येईन. मैत्रीण म्हणून येत नाही, तसं काही समजू नको. कणीक मळताना माझ्याशी बोलायची गरज नाही. तुझा चेहरा बघितला की अजून मला तो ओला ओटा आठवतो, आणि आरशात बघितलं की गुरुशांतप्पांची पायरी. ते कधी जाईल सांगता येत नाही. पण या उन्हात खमिराला आता दिवसातून दोनदा पीठ लागेल, आणि उमादेवी म्हणते की रोज तूच घालतेस, पण पाणी जास्त होतंय.

पाणी कमी घाल.

प्रेरणा